सगळे उतरून गेल्यानंतरचं पाणी

चर्चचा हौद भरायला चार तास लागत आणि रिकामा व्हायला पाव तास, हे सगळ्या मंडळीत एकाच माणसाला पाठ होतं. त्याला लहानथोर सगळे हौदमामा म्हणत. समोरच्या चौथऱ्याच्या फळ्या उचलल्या की खाली हा हौद होता. कमरेच्या वर येईल इतका खोल, आतून फिकट निळ्या फरशा, दोन्ही बाजूंना चार-चार पायऱ्या. बाप्तिस्म्याचा रविवार वर्षातून तीन-चारदाच येई. एरवी त्याच फळ्यांवर उभे राहून पाळक प्रवचन करत, आणि आपण एका रिकाम्या खड्ड्यावर उभे आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नसे. हौदमामाच्या मात्र असे. गाणं सुरू झालं की फळ्या किंचित घुमत, आणि तो शेवटच्या बाकावर बसून त्या घुमण्यावरून आतली ओल ओळखे.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तो हौद घासायचा, दुपारी पाणी सोडायचा, रविवारी पहाटे त्यात तापवलेलं पाणी मिसळायचा आणि कोपर बुडवून पाहायचा. बोटांवर त्याचा विश्वास नव्हता. बोटं नळजोडणीच्या कामात निबर झाली होती, त्यांना ऊन-गार कळत नसे. उपासनेत तो स्वतः पाण्यात उतरून बाहेर पडायच्या बाजूच्या पायऱ्यांपाशी उभा राहायचा, कारण तिसरी पायरी निसरडी होती. पाळकांनी बुडवून वर काढलेला माणूस डोळ्यांत पाणी, नाकात पाणी अशा अवस्थेत तिकडे आला की तो मनगट धरायचा आणि हळूच म्हणायचा, "तिसरी सांभाळा." वर त्याची बायको टॉवेल घेऊन उभी असे. पांढरे झगे धुण्याचं, वाळवण्याचं काम तिचं. कुणी भाविकपणे म्हणालं की नवं जीवन मिळाल्यावर कानावर पडलेला पहिला शब्द 'तिसरी' होता, तर ती म्हणायची, "आणि दुसरा माझा. नाक पुसा."

या कामाआधी एकोणीस वर्षं तो सूत रंगवण्याच्या कारखान्यात फिटर होता. वाफेचे नळ, त्यांचे जोड, त्यांच्या झडपा हे त्याचं राज्य. तिथं त्याने स्वतःची एक रीत पाडली होती. रंगवलेल्या टाकाऊ सुताच्या वीतभर लांबीच्या सात लाल दोऱ्या तो खिशात ठेवी. दुरुस्तीसाठी झडप बंद केली की तिच्या चाकाला एक दोरी बांधायची. काम संपवून झडप उघडली की दोरी सोडून परत खिशात. लाल दोरी दिसली की त्या झडपेला कुणी हात लावायचा नाही, हे कारखान्यातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. "झडपांच्या वेण्या घालतोस काय रे?" असं सोबती चिडवत. तो हसायचा आणि संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना दोऱ्या मोजायचा. सात भरल्या की दिवस पुरा झाला. घरी बायको कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करी, दोऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवी, आणि सकाळी तो त्या पुन्हा उचली.

मग तो दिवस आला. एका जोडाचं काम करायला त्याने मोठी झडप बंद केली, दोरी बांधली आणि जोडावर आपल्या सोबत्याला बसवलं. स्वतः सामान आणायला गेला. तो परत येईपर्यंत वाफ सुटली होती. सोबत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. झडप सताड उघडी होती आणि चाकावर दोरी नव्हती.

त्याच कारखान्यात त्याचा धाकटा भाऊ रंगाच्या टाक्यांवर होता, अजून कायम न झालेला. त्या संध्याकाळी तो आला. घरात नाही आला; जिन्याखाली, सायकली लावायच्या जागेत त्याने मोठ्या भावाला बोलावलं.

"दादा, दोरी मी तोडली."

हौदमामा, तेव्हा तो नुसता दादा होता, एका सायकलीचं हँडल धरून उभा राहिला.

"टाकी गार पडत चालली होती. वाफ हवी होती. मला वाटलं, तू सोडायला विसरला असशील."

"मला विचारायचं होतंस."

"तू दिसला नाहीस. दादा, मला काढून टाकतील. घरात तान्ही पोर आहे. तू जुना माणूस, तुला समज देऊन सोडतील. तूर्त गप्प राहा फक्त. चौकशी संपली की मी स्वतः जाऊन सांगतो. आईची शपथ."

"दोरी कुठाय?"

"टाकीत टाकली."

चौकशीत साहेबांनी विचारलं, झडपेला दोरी होती का. धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, नव्हती. साहेब मोठ्याकडे वळले, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, माझं काही म्हणणं नाही. समज वगैरे काही दिली नाही, सरळ घरी पाठवलं. त्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना त्याने सवयीने खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

धाकट्याने पुढे आधी सांगितलं की नोकरी कायम होऊ दे, मग म्हणाला पोरीला शाळेत जाऊ दे, मग मुकादम झाला, आणि मग यायचाच बंद झाला. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूला जायचा. भाजलेला सोबती याच मंडळीतला होता. तो तिसऱ्या बाकावर बसायचा, भर उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून. कारखान्यात त्याला लांबबाह्या असं नाव पडलं ते चर्चपर्यंत आलं. उपासना संपली की तो बाजूच्या दाराने जायचा, कारण मागच्या दारात हौदमामा उभा असे.

हौदमामाने खरं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. शब्द दिला होता म्हणून आधी गप्प राहिला, आणि नंतर गप्प राहण्याचीच गाठ पडली. त्याला एवढंच हवं होतं की ज्या तोंडाने 'नव्हती' म्हटलं, त्याच तोंडाने एकदा 'होती' म्हणावं. लांबबाह्याच्या देखत. बाकी काही नको. अशी बारा वर्षं गेली.

या वर्षी धाकट्याच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. तरुणपणी चर्चपासून लांब गेलेला माणूस दवाखान्यातून उठला तो थेट पाळकांकडे गेला आणि म्हणाला, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. दर गुरुवारी संध्याकाळी उमेदवारांचा वर्ग भरे. नऊ जण होते. हौदमामा तेव्हा फळ्यांखाली उतरून भेगा बुजवत असे, आणि वरचं सगळं त्याला ऐकू येई.

एका गुरुवारी वर्गातल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीने विचारलं, "येशूने तर पाप केलंच नव्हतं. मग तो बाप्तिस्मा घ्यायला का गेला?"

पाळक तरुण होते, सांगायची हौस होती. ते म्हणाले, बाप्तिस्मा देणाऱ्यालाही हाच प्रश्न पडला. तो म्हणाला, मीच तुझ्या हातून घ्यायचा, आणि तू माझ्याकडे येतोस? येशू म्हणाला, तूर्त होऊ दे, देवाने नेमलेलं सगळं आपण पुरं केलं पाहिजे. पाळक म्हणाले, त्याला धुवून घ्यायचं काहीच नव्हतं. तो धुवून घ्यायला गेलाच नाही, आपल्यात उभा राहायला गेला. पाण्याखाली जाणं ही त्याच्या मरणाची खूण आणि वर येणं ही पुन्हा उठण्याची. म्हणून आपण बुडतो तेव्हा त्याच्याबरोबर पुरले जातो. आणि तो वर आला तेव्हा आकाश उघडलं, आत्मा पारव्यासारखा उतरला, आणि वाणी झाली की हा माझा लाडका मुलगा आहे, याच्यावर मी प्रसन्न आहे. बघा, तोवर त्याने एकही चमत्कार केला नव्हता, एक प्रवचन दिलं नव्हतं. काही करून दाखवण्याआधीच बापाने त्याला आपलं म्हटलं.

खालून आवाज आला, "पाळकसाहेब, एक विचारू?"

सगळे दचकले. मग हसले. पाळकांनी वाकून फटीतून पाहिलं. "विचारा हौदमामा. तुम्ही तर वर्गाच्या मुळाशीच बसलाय."

"काठावर लोक होते ना तेव्हा?"

"होते की. पुष्कळ."

"त्यांना काय वाटलं असेल? हा रांगेत उभा आहे म्हणजे यानेही काहीतरी केलंच असणार. असंच ना?"

पाळक म्हणाले, "असंच वाटलं असेल."

"मग त्याने सांगितलं का कुणाला, की बाबांनो, मी तसा नाही?"

"नाही. एक शब्द नाही."

"पण वरून आवाज आला."

"आला."

"मग बरंय," हौदमामा म्हणाला, आणि पुन्हा भेग बुजवायला लागला.

त्या वर्गातच पाळकांनी नियम सांगितला होता की पाण्यात उतरण्याआधी ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या दारी जाऊन या. म्हणून कितीतरी वर्षांनी धाकटा घरी आला. फळांची पिशवी टेबलावर ठेवली, बारीक झालेला, शर्टाच्या वरच्या बटणातून टाक्यांचा व्रण दिसत होता. वहिनीने पाणी दिलं.

"बरा आहेस ना?" ती म्हणाली. "रस्ता ओलांडताना जपत जा. तुला सवय आहे ओलांडायची."

तो कसंनुसं हसला. मग भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, रविवारी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची असते. त्या अपघाताचं मी बोलणार आहे. बारा वर्षं मनात धरून ठेवलं, आता मोकळं करून टाकतो."

हौदमामा म्हणाला, "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बरं," तो म्हणाला. भाऊ गेल्यावर त्याने पिशवीतलं एक सफरचंद काढलं, हातात फिरवलं आणि परत ठेवलं. कितीतरी वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

त्या शनिवारी त्याने हौद घासला तसा कधी घासला नव्हता. फरशांच्या सांध्यात दात घासायचा जुना ब्रश फिरवला. रविवारी पहाटे बायको झगे घेऊन आली तर पाण्यावरून वाफ उठत होती.

"अहो, अंडी उकडायची आहेत का यात?"

"त्याच्या छातीचं ऑपरेशन झालंय. गार पाणी सोसायचं नाही."

"नवांतला तो शेवटचा आहे. त्याची पाळी येईपर्यंत गारच होणार."

"म्हणून तर आत्ता जास्त तापवलंय."

ती झग्यांच्या घड्या उलगडून त्यांच्या कडा तपासत राहिली. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून कडेत शिशाच्या छोट्या चकत्या शिवलेल्या असत. त्यातली एक सैल झाली होती. तिने तिथल्या तिथे टाका घातला.

शेवटच्या माणसाच्या पाण्याविषयी हौदमामा मनात बरंच काही घोळवत असे. बायबलच्या वचनात म्हटलं होतं की सगळ्या लोकांचा बाप्तिस्मा होत असता येशूचाही झाला. आजवर तो हे वाक्य नुसतं ऐकत आला होता. हौद सांभाळायला लागल्यावर त्याला ते दिसू लागलं. आठ माणसं बुडून गेल्यावर पाणी कसं असतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? गढूळ नाही, पण गढूळ होण्याच्या वाटेवर. केस, धागे, कुणाच्या तरी कानामागचं तेल, एखादं बटण, घामाचा पातळ तवंग. निर्मळ पाणी पहिल्याला मिळतं. येशू मात्र मागून आला आणि सगळ्यांच्या पाण्यात उतरला. वर आला तेव्हा त्याच्या अंगावरून त्यांचंच पाणी निथळत होतं. हे हौदमामाला कळत होतं. आपल्यालाही बारा वर्षं दुसऱ्याच्या पाण्यात उभं केलंय असं त्याला वाटायचं, आणि लगेच राग यायचा. येशू आपल्या मनाने उतरला होता. आणि त्याच्यासाठी आकाश उघडलं. माझ्यासाठी कोण बोललं?

आज बोलणार होतं.

उपासना सुरू झाली. चर्च भरलं होतं. हौदमामा आपल्या जागी, पाण्यात. शिवणकाम करणारी मुलगी पहिली, रडतच वर आली. एक म्हातारे गृहस्थ, दोघी बहिणी, एक ट्रक चालवणारा, ज्याला बुडवताना पाळकांचाच तोल गेला आणि सगळी मंडळी हसली. प्रत्येकाला त्याने मनगट धरून वर घेतलं. "तिसरी सांभाळा." आठ झाले.

धाकटा पांढऱ्या झग्यात समोरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पाळकांनी साक्ष द्यायला सांगितलं. हौदमामाने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. लांबबाह्या आपल्या जागी होता, हात मांडीवर.

"माझ्या मनात बारा वर्षं एक गाठ होती," धाकटा म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "कारखान्यात अपघात झाला तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. एका निरपराध माणसाचे हात भाजले."

हौदमामाने श्वास धरला.

"माझ्या सख्ख्या भावाच्या हातून चूक झाली होती. आणि मला, मला धाकट्याला, त्याच्याविरुद्ध बोलावं लागलं. त्या दिवसापासून आमचं घर तुटलं. माझ्या मनात त्याच्याविषयी अढी बसली. पण आजारपणात प्रभूने मला दाखवलं की मीही पापी आहे. म्हणून आज या पाण्यात पाय टाकण्याआधी मी तुमच्या सगळ्यांसमोर दादाला माफ करतो."

"आमेन," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. पुढच्या बाकावरच्या आजीने डोळ्यांना रुमाल लावला. शंभर चेहरे हौदमामाकडे वळले, प्रेमाने, कौतुकाने, आणि ते प्रेम त्याला तोंडावर पाणी मारावं तसं लागलं.

या वेळी धाकटा जमिनीकडे बघत नव्हता. सरळ भावाकडे बघत होता. हौदमामाने त्या डोळ्यांत खोटेपणा शोधला. मिळाला नाही. इतकी वर्षं तीच हकिगत सांगून सांगून त्याने ती स्वतःलाही पटवली होती. खोटारड्याला निदान पकडता येतं. याला कशाला पकडायचं? सायकलींपाशी 'दोरी मी तोडली' म्हणणारा माणूस आता जगात कुठेच उरला नव्हता. तो वाक्यासकट गेला होता. आणि हौदमामा त्याच्यासाठी पाणी तापवत बसला होता.

बोलावं का? पाण्यावर तो शब्द उमटला असता, चर्चच्या भिंतींनी तो परत दिला असता. पण आता बोलणारा, माफ केल्यावरही भावावर उलटणारा ठरला असता. धाकट्याने जाता जाता तेही दार लावून घेतलं होतं.

पाळकांनी नाव घेऊन त्याला मागे झुकवलं. पाणी त्याच्या चेहऱ्यावरून मिटलं आणि उघडलं. तो ठसकत, हात पुढे करून पायऱ्यांकडे आला. हौदमामाचं तोंड उघडेना. 'तिसरी' हा एवढासा शब्द, आठ जणांना दिलेला, नवव्याला देता येईना. धाकट्याचा पाय तिसऱ्या पायरीवर सटकलाच. आणि हाताने आपलं काम केलं. नळाला धरावं तसं मनगट धरलं, सगळा भार तोलला, त्याला वर उभं केलं. हे माफ करणं नव्हतं. हौदमामाला ते पक्कं माहीत होतं. पायरी निसरडी होती म्हणून त्याला तिथं उभं केलेलं होतं, इतकंच.

"देव तुझं भलं करो, दादा," धाकटा कानाशी म्हणाला. वर वहिनीने टॉवेल दिला. नाक पुसायला सांगितलं नाही.

उपासना संपली. सगळे बाहेरच्या खोलीत चहाला गेले, तिथून हसण्याचे आणि कपबशांचे आवाज येत होते. हौदमामा पुन्हा हौदात उतरला. तळाच्या बुचाची साखळी कधीच तुटली होती. वाकून, हनुवटी पाण्याला लागेपर्यंत हात घालून ते ओढावं लागे. त्याने ओढलं. पाणी खालून हलायला लागलं. तो तसाच उभा राहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कुणी बघत नाहीसं पाहून त्याने डोकं पाण्याखाली घातलं. नऊ जणांनंतरचं पाणी कोमट होतं. त्याने कान देऊन ऐकलं. नुसती नाल्याची घरघर. तो वर आला आणि चौथऱ्यावरच्या छताकडे पाहिलं. तिथे एक ओलीचा डाग होता, दुरुस्त करायचा राहिलेला.

"ऐक," वरून कुणीतरी म्हणालं.

काठाशी लांबबाह्या उभा होता. बारा वर्षांत तो इतक्या जवळ आला नव्हता.

"मला बोलायला जमत नाही," तो म्हणाला. "पण आज तुझ्या भावाने सगळ्यांदेखत केलं. म्हटलं, त्याला जमतं तर मला का नाही? मीही सोडलं. तुझ्यावरचा राग." त्याने एका हाताने दुसऱ्या मनगटाचं बटण काढलं, बाही वर सारली आणि हात पुढे केला. कातडी चुरगळून सुकवलेल्या कागदासारखी होती. "जाणूनबुजून नव्हतं केलंस, ते मला माहीत होतं. विसरतो माणूस."

हौदमामा त्या हाताकडे बघत राहिला. मग आपला ओला हात त्याने त्यात दिला.

"विसरतो," तो म्हणाला.

लांबबाह्याने मान हलवली, बाही खाली न ओढताच वळला आणि बाजूच्या दाराकडे चालू लागला.

चौथऱ्याच्या कडेला बायको झगे पिळत होती. ती तिथे होती हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. तिने झगा बादलीत आपटला.

"काय विसरलात तुम्ही?"

"जाऊ दे."

"नाही, काय विसरलात? झडप बंद करायला विसरलात?"

"अगं, झालं ते झालं."

"त्या दिवशी खिशातून सहा दोऱ्या निघाल्या." ती पिळता पिळताच बोलत होती, हात थांबले नव्हते. "सहा. तुम्ही झडप बंद करायला विसरला असता तर सात निघाल्या असत्या. सातवी चाकाला बांधली होती, म्हणून ती घरी आली नाही. एवढं कळायला मला काही फिटर व्हायला नको."

तो पाण्यात उभा. पाणी आता मांडीपर्यंत उतरलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या संध्याकाळपासून. धाकटे भाऊजी जिन्याखाली उगीच आले नव्हते, तेही कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस? बारा वर्षं?"

"तुम्ही बोलाल म्हणून." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "नवरा-बायको आहोत म्हटलं. मला तरी सांगतील. रोज वाटायचं आज सांगतील. मला नाही सांगितलंत, आणि वाट कुणाची बघत बसलात? त्याची!"

आपल्याला फसवणाऱ्यांची यादी तो इतकी वर्षं मनात घोकत होता, आणि त्यात एकच नाव होतं. आता कळलं की एक यादी तिच्याकडेही होती.

"आत्ता त्याला का नाही सांगितलंत?" तिने दाराकडे बोट दाखवलं.

"बारा वर्षांनी त्याने हात बाहीच्या बाहेर काढला. आता तो परत आत घाल म्हणून कसं सांगू?"

"परत आत कशाला घालेल? तुम्ही त्याला चुकीच्या माणसाला माफ करायला लावलंत. त्याचाही हक्क आहे की खरं कळायचा." ती उठली. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, ओले हात पदराला पुसत. "आणि तुम्ही काय मोठे येशू लागून गेलात? त्याच्यासाठी त्याचा बाप बोलला. तुम्ही तर बोलणाऱ्यालाही गप्प बसवायला निघालात."

"अगं, थांब. हे त्याने बोलायला हवं होतं. धाकट्याने."

"तो नाही बोलणार. आज ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. तरीही तिने ते शब्दांत म्हटलं तेव्हा हौदमामाला आत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, कारण त्या एका वाक्याची वाट बघण्यात त्याने स्वतःला सांभाळून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी 'होती' म्हटलं तर खरं कळणार होतं, पण ते धाकट्याच्या तोंडून येणार नव्हतं, कधीच. बारा वर्षं जे हवं होतं ते मिळायचं नाही, आणि जे मिळणार ते त्याने मागितलेलं नव्हतं.

ती फळ्यांवरून दणदण चालत बाजूच्या दाराशी गेली. त्याला हौदातून ती दिसेना. फक्त आवाज आला, वरून, घसा बसलेला, रागावलेला, चहाच्या खोलीतली कुजबुज थांबेल इतका मोठा:

"अहो, थांबा जरा! इकडे या. ते आत उभे आहेत ना, ते माझे मालक आहेत. त्यांनी झडप बंद केली होती. दोरी बांधली होती. ऐकताय ना? बांधली होती!"

लांबबाह्याने काय उत्तर दिलं ते हौदमामाला ऐकू आलं नाही. चहाच्या खोलीतून एक कप खाली पडल्याचा आवाज आला. पाणी आता घोट्यापर्यंत आलं होतं आणि नाला मोठ्याने घरघरू लागला होता. त्याने वाकून जाळीवर अडकलेले केस काढले, एक बटण काढलं आणि झग्यातून सुटून पडलेली शिशाची चकती उचलून ओल्या खिशात ठेवली.